उपोषण सुटल्यानंतर

आमदारांनी मोसंबीच्या रसाचा ग्लास गिरजाबाईंच्या ओठांजवळ नेला आणि मी पुढे होऊन त्या ग्लासावर हात ठेवला.

"दोन चमचे," मी म्हणाले. "पूर्ण ग्लास नाही."

मंडपातल्या घोषणा थांबल्या. समोर कॅमेरे घेऊन बसलेले दोघे-तिघे पत्रकार एकमेकांकडे बघू लागले. आमदारांचा हात तसाच हवेत.

"या कोण?" त्यांनी मागे वळून विचारलं.

तहसीलदारांनी खाली वाकून सांगितलं, "सिव्हिलच्या मॅडम आहेत साहेब. तिथलं किचन बघतात."

मागे कुणीतरी हसलं. मी हात काढला नाही. गिरजाबाईंच्या उशाशी शेवंताबाई बसली होती. गावापासून ती सोबत आलेली, उपोषणाच्या पहिल्या दिवसापासून पाण्याचा तांब्या सांभाळणारी. ती माझ्यावर तुटून पडली, "ओ बाई, तीन आठवडे झाले तिच्या पोटात अन्नाचा कण नाही! आता सुटलं तं तुम्ही प्यायबी देत नाही? कोनाची मानसं तुम्ही?"

"तिचीच," मी म्हणाले, आणि आमदारांना सोडून गिरजाबाईंशी बोलले. "माय, मी तुम्हाला उपाशी ठेवायला आलेले नाही. पण पोट इतके दिवस बंद होतं. त्यात एकदम एवढं गोड गेलं तर शरीराला झेपणार नाही. हृदयावर ताण येईल. आज दोन चमचे घ्या. बाकीचं मी देते, हळूहळू."

गिरजाबाई साठीच्या आसपासची बाई. गालफडं बसलेली, डोळे मात्र ताजे. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शिकलेली हायेस का?"

"हो."

"ह्याचंच?"

"ह्याचंच."

"मंग दे दोन चमचे," ती म्हणाली. "साहेब, चमचा मागवा."

चमचा येईपर्यंत सगळे ताटकळले. शेवटी आमदारांनी चहाच्या टपरीवरून आणलेल्या चमच्यानं तिला रस पाजला आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तोच फोटो आला. त्यात एका कोपऱ्यात माझा हात दिसतो.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. सावरडोह गावाजवळून एक नाला जातो. पावसाळ्यात तो भरला की गाव तुटायचं. बाळंतीण असो की शाळेची पोरं, पलीकडे जाता येत नसे. पूल मंजूर होऊन कागदावरच पडलेला. म्हणून गिरजाबाई खंडारे भर उन्हाळ्यात जिल्ह्याच्या गावी येऊन कलेक्टर ऑफिससमोर उपोषणाला बसली. आज तिथे पूल आहे, मी त्यावरून गेले आहे. तेव्हा मात्र आमदारांच्या सहीचं एक आश्वासन होतं, दिवाळीपर्यंत काम सुरू करतो म्हणून. त्यावर तिनं उपोषण सोडलं.

आणि मी होते छाया इंगोले, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातली आहारतज्ज्ञ. ऑर्डर अकरा महिन्यांची. गृहविज्ञानातून एम.एस्सी. झालेल्या आमच्या वर्गातल्या मुली कुठे कुठे पांगल्या होत्या. एक पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात लागली, एक कॉलेजात शिकवू लागली, एक लग्न करून सुरतेला गेली आणि तिथून डबे पुरवायला लागली. मी घराजवळ म्हणून इथे आले. काम काय, तर पेशंटचा भात कच्चा राहिला का, दूध पातळ आलं का, मधुमेहवाल्यांच्या ताटात चुकून बटाटा गेला का. डॉक्टरांच्या राउंडला मला कुणी बोलवत नसे. "किचनच्या मॅडम" हेच माझं नाव. नागपुरात वजन उतरवून देणारं एक नवं क्लिनिक निघालं होतं. तिथल्या बाईंनी मला एक तारखेपासून या म्हणून सांगितलं होतं. पगार चांगला, बसायला स्वतःची केबिन. मी जवळजवळ हो म्हटलेलं होतं.

उपोषणाला बसलेल्या माणसाची तपासणी रोज सरकारी डॉक्टर करतात. आमच्याकडे ते काम डॉ. देवतळेंचं. पन्नाशीचे, कमी बोलणारे फिजिशियन. एकदा कॅन्टीनमध्ये ते सहज म्हणाले, "म्हातारी फार उतरली. आता दोन-तीन दिवसांत सुटलं तर बरं."

मी विचारलं, "सुटल्यावर काय देणार, सर?"

"काय म्हणजे? जेवेल ना."

"एकदम जेवली तर हृदय बंद पडू शकतं, सर," मी म्हणाले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"हां," ते म्हणाले. "बरोबर. मी वाचलंय ते. पण पाहिलेलं नाही कधी."

"मीही पाहिलेलं नाही, सर. पण मला ते येतं."

"तर मग तुम्ही चला उद्यापासून सोबत. आणि मी हजर नसताना सुटलं, तर तुम्ही अडवा."

ते हजर नसतानाच सुटलं. त्या दिवशी त्यांना मुंबईला मीटिंग होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परतणार होते.

गिरजाबाईंना आम्ही रुग्णालयात आणलं, बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट दिली. खाण्याआधी व्हिटॅमिनचं इंजेक्शन द्यायचं हे देवतळे सरांनी फोनवर सांगितलं होतं, ते दिलं. मग मी माझ्या हातानं तांदळाची पातळ पेज केली आणि साय काढलेलं दूध पाणी घालून उकळलं. किचनमधल्या रुक्माबाई म्हणाल्या, "मॅडम, हे बाळाला देतात तसं झालं."

"तसंच करायचं आहे," मी म्हणाले.

एक छोटी वाटी. मग थोड्या वेळानं दुसरी. गिरजाबाई वाटीकडे बघायची, माझ्याकडे बघायची.

"चिमनीले घालतेस का?"

"चिमणीपेक्षा थोडं जास्त आहे, माय."

"पोरी, तीन आठवडे मले भूकच नव्हती. आता लागली हाय. लई लागली हाय. आतून कुरतडून रायली."

"माहीत आहे."

"तुले काय माहीत? तू कधी राह्यलीस उपाशी?"

मी म्हणाले, "नाही राहिले. म्हणूनच शिकावं लागलं."

तिला ते पटलं की नाही कळलं नाही, पण वाटी तिनं संपवली.

वॉर्डाबाहेर मात्र लग्नघर झालं होतं. सावरडोहच्या बाया ट्रॅक्टरमधून उतरत होत्या, प्रत्येकीच्या हातात डबा. पुरणपोळी, शिरा, भाकरी आणि वांग्याची भाजी, कुणी तर गावरान कोंबडीचा रस्सासुद्धा. आपल्या माणसानं गावासाठी पोट मारलं, तर गावानं तिला पोटभर घालायला नको? मी वॉर्डाच्या दारात उभी राहून एकेक डबा परत पाठवत होते. बाया मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत होत्या. सरकारची मानूस. तिकडे उपाशी ठेवलं, इकडेबी उपाशी ठेवते. शेवंताबाई तर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

संध्याकाळी घरी जाताना मी वॉर्डच्या सिस्टरना आणि शेवंताबाईला बजावून गेले, पेज आणि दुधाशिवाय काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी किचनमध्ये गेले, पेज घेतली आणि वॉर्डात आले. गिरजाबाई उशीला टेकून बसली होती. श्वास जोरात चाललेला, आडवं होता येत नव्हतं. पायांवर सूज, बोटानं दाबलं तर खड्डा पडत होता. हात थरथरत होते.

"माय, कसं वाटतं?"

"कमला, म्हशी आल्या का गं?" ती म्हणाली.

वॉर्डात कमला कुणी नव्हती.

डॉ. निचत नावाचे तरुण डॉक्टर त्या सकाळी ड्युटीवर होते. हुशार, घाईतले. त्यांनी नाडी पाहिली आणि सिस्टरला म्हणाले, "वीकनेस आहे. शुगरही लो असणार. ग्लुकोजची बाटली लावा, फास्ट."

सिस्टरनं बाटली स्टँडला अडकवली.

"ग्लुकोज नको," मी म्हणाले.

"मॅडम, प्लीज. पेशंट बघू द्या."

"आधी शुगर तपासा. एवढंच करा. कमी निघाली तर लावा बाटली, मी एक शब्द बोलणार नाही."

"आणि तोवर?"

"एक मिनिट लागतं, डॉक्टर."

ते चिडले होते, पण तपासायला हरकत कशी घेणार? बोटाला सुई टोचली. शुगर कमी नव्हती, उलट चढलेली होती. निचतांनी आकडा दोनदा पाहिला.

"पेज आणि दुधावर एवढी?" ते म्हणाले.

"नाही. पेज-दुधावर एवढी नाही चढत."

ते समजले. त्यांनी स्वतःच बाटली काढून सिस्टरच्या हातात दिली. "देवतळे सर कुठे पोहोचले बघा," ते म्हणाले, "आणि तुम्ही थांबा इथे."

मी वॉर्डभर पाहिलं. शेवंताबाई नव्हती. ती मला मागच्या व्हरांड्यात सापडली, भिंतीला पाठ लावून बसलेली, पदर तोंडावर घेतलेला. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले.

"शेवंतामावशी, काय दिलं तिला?"

"म्या काही देल्लं नाही."

"मावशी."

"नाही देल्लं म्हनते ना!"

माझीही भाषा तिथे बदलली. आईच्या घरची निघाली. "मले भांडाले नाही आलं, मावशी. पोलिसाले नाही सांगत, पेपराले नाही सांगत. पण किती देल्लं अन् काय देल्लं हे मले नाही समजलं, तं डॉक्टरले मी सांगू काय? थे जाईल हातची."

तिनं बाजूचा डबा जवळ ओढला. मग पदराआडून म्हणाली, "शिरा. गुळाचा. तिनंच मांगला वं. लहान लेकरासारखा मांगला. म्या आयुष्यात तिले काही मांगताना पाह्यलं नाही. मंग उसाचा रसबी आनला. थे पीत होती तं मले एवढं बरं वाटलं..."

"कधी?"

"काल तुम्ही गेल्यावर. अन् आज पहाटी उरलेला."

"किती शिरा?"

तिनं जवळचा डबा पुढे केला. मोठाच होता, आणि रिकामा. मी उठले.

"मेली तं म्या मारली ना?" तिनं विचारलं.

"मरत नाही ती," मी म्हणाले. हे म्हणायचा मला काही अधिकार नव्हता, पण म्हणाले.

देवतळे सर स्टेशनवरून थेट वॉर्डात आले, हातात अजून प्रवासाची बॅग. मी त्यांना शिऱ्याचं आणि रसाचं सांगितलं. त्यांनी तपासलं आणि माझ्याकडे वळून, निचतांच्या आणि दोन्ही सिस्टरच्या देखत विचारलं, "बोला. काय करायचं?"

असा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. पण उत्तर तयार होतं. रात्रभर तेच वाचत होते म्हणा ना. "उपाशीपणी शरीर आपलंच खात असतं, सर. त्यात अंगातले क्षार संपत येतात. एकदम गोड आलं की उरलेसुरले क्षार ते गोड जाळायला पेशींत ओढले जातात आणि हृदयाला, श्वासाच्या स्नायूंना काही उरत नाही. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम, तिन्ही तपासायला हवेत. फॉस्फेट आपल्याकडे होत नाही."

"मेडिकल कॉलेजला होईल. ॲम्ब्युलन्सनं सॅम्पल पाठवू. इंजेक्शनही तिथूनच आणू."

"आणि व्हिटॅमिनचा डोस वाढवायचा. तोंडानं आज जवळजवळ काही नाही. उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून, कालच्याही निम्म्यानं."

"सलाइन?"

"ग्लुकोजशिवायचं. तेही बेतानं, सूज आहे."

"निचत, लिहून घ्या," सर म्हणाले.

तोवर बाहेर बातमी फुटली होती. गिरजाबाईची तब्येत बिघडली, हॉस्पिटलनं उपाशी मारली. आवारात गर्दी जमली, घोषणा सुरू झाल्या, एकानं खिडकीची काच फोडली. पोलीस आले. सर मला म्हणाले, "मला इथून हलता येत नाही. तुम्ही जाऊन बोलाल?"

मी पायऱ्यांवर आले. बोलायला तोंड उघडलं तर आवाजच पोहोचेना. "सरकारची दलाल!" असं एक ओरडला. तेवढ्यात मला कुणीतरी बाजूला सारलं. शेवंताबाई. डोळे सुजलेले, पदर खोचलेला, हातात तो रिकामा डबा. तिनं डबा उलटा धरून पायरीच्या कठड्यावर आपटायला सुरुवात केली. लोक गप्प झाले.

"म्या चारला!" ती ओरडली. "ह्या पोरीनं मना केलं होतं. हात जोडून मना केलं होतं. म्या चोरून शिरा चारला, त्यानं झालं! कोनाले मारायचं हाय तं मले मारा. अन् तुमचे डबे घेऊन घरी जा. आता इथून कोनी डबा आत नेला, तं म्या त्याच्या डोक्यात घालीन!"

गर्दी हळूहळू सैल झाली. काही बाया तिथेच खाली बसल्या, पण घोषणा पुन्हा झाली नाही.

दुपारी इंजेक्शन आलं. संध्याकाळी रिपोर्टचा फोन आला. फॉस्फेट इतकं खाली होतं की पलीकडच्या डॉक्टरांनी विचारलं, पेशंट जिवंत आहे ना? होती. श्वास जोरात होता, पण जिवंत होती. दुसऱ्या दिवशी तो श्वास थोडा उतरला. त्याच्या पुढच्या दिवशी मी पेज घेऊन गेले तेव्हा तिनं डोळे उघडून वाटीत पाहिलं आणि म्हणाली, "आज तं चिमनीचंबी कमी केलं वं तू."

मी तिथेच खाटेवर बसून हसले आणि रडले, दोन्ही एकदम. सिस्टरनं मला पाणी दिलं.

पुढचे दिवस शेवंताबाई वॉर्डाच्या दारात स्टूल टाकून बसली. तिच्यासमोरून माशी आत गेली नाही. आमदारांच्या माणसानं पेढ्यांचा बॉक्स आणला, साहेबांच्या शुभेच्छा म्हणून. शेवंताबाईनं तो उघडला, एक पेढा स्वतः खाल्ला, आणि म्हणाली, "पोचल्या शुभेच्छा. आता जा." पेजेची खिचडी झाली, खिचडीत मुगाची डाळ वाढली, मग उकडलेलं अंडं, मग एक दिवस अर्धी भाकरी आली. ती अर्धी भाकरी गिरजाबाई इतकी सावकाश खात होती की सगळा वॉर्ड तिच्याकडे बघत बसला.

डॉ. निचत रोज येऊन माझ्याशी बोलू लागले. त्यांच्या जळालेल्या पेशंटना काय द्यायचं, नळीनं किती द्यायचं. देवतळे सरांनी काही भाषण वगैरे दिलं नाही. एका सकाळी ते किचनच्या दारात येऊन उभे राहिले. "राउंड सुरू होतोय," म्हणाले, "तुमची वाट बघतोय आम्ही." मी हात पुसले आणि गेले. त्या आठवड्यातच नागपूरच्या बाईंना फोन केला आणि येत नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. "मला माणसांचं वजन वाढवायचं आहे," असं काहीतरी मी बोलले. त्यांना वाटलं असेल, मी चेष्टा करते.

गिरजाबाईला सुट्टी मिळाली त्या सकाळी गावची जीप आली होती. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. मी तिला घरी काय खायचं, किती खायचं ते सांगत होते आणि शेवंताबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

"झालं तुझं?" गिरजाबाई म्हणाली. "आता माझं ऐक. ह्या लोकाइचा भरोसा नाही. पूल नाही झाला, तं मी पुन्हा बसन."

"माय!" मागून सिस्टर म्हणाल्या.

"तू काय म्हनते?" तिनं मला विचारलं. "बसू नको म्हनशीन?"

बसू नका असं मला म्हणता आलं असतं. डॉक्टर म्हणाले असते, सिस्टर तर म्हणतच होत्या. पण नाला मी पाहून आले होते. मधल्या एका रविवारी शेवंताबाई मला घेऊन गेली होती. कोरडा होता, तरी त्याच्या काठावरची माती कुठवर वाहून गेली होती ते दिसत होतं. तीन आठवडे पोटाला काही न देता बसणाऱ्या बाईला मी काय शिकवणार होते? मला जे येत होतं, तेवढंच मी देऊ शकत होते.

"बसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा," मी म्हणाले.

"मंग एक कर. पुढच्या येळी तू पह्यल्या दिवसापासून ये मांडवात. ह्या शेवंतीचा काही नेम नाही."

"पहिल्या दिवशी येऊन उशीर होतो, माय. अंगात काय आहे, काय नाही, ते आधी बघावं लागतं. बसायच्या आधी काही दिवस व्यवस्थित खाऊन-पिऊन तयारी करावी लागते. मीठ, पाणी, गोळ्या, सगळं ठरवावं लागतं. आणि सोडायचं कसं, ते बसायच्या आधीच."

गिरजाबाई माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. इतक्या दिवसांत मी तिचे दात पहिल्यांदा पाहिले.

"त्यांनी दिवाळीचा वायदा देल्ला हाय," ती म्हणाली.

"तर मग दसऱ्याला मला निरोप पाठवा."

जीप निघाली. पुलाचा एक दगडही पडला नव्हता, आणि निरोप दसऱ्याच्या आधीच आला.